बटण सेल गिळल्यावर केळी? अजिबात नाही!

“मुलाने नाणं, बटण सेल, चुंबक, काहीही गिळलं तरी घाबरू नका. केळी खाऊ घाला, दोन दिवसांत शीवाटे पडतं. दुर्बिणीने काढणं म्हणजे पैसे उकळायचे धंदे.” हा मेसेज मला बहिणीने पाठवला. तिच्या घरात रांगतं मूल आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी बटण सेल, म्हणजे रिमोटमध्ये, घड्याळात असतो तो नाण्यासारखा चपटा सेल, कारण यापायी जीव जातो. अन्ननलिकेत अडकलेला सेल नुसता पडून राहत नाही. ओल्या अस्तराला टेकला की वीज वाहू लागते, ऋण बाजूला तीव्र अल्कली, म्हणजे जाळणारं रसायन, तयार होतं आणि अस्तर जळत जातं. त्यासाठी सेल फुटावा लागत नाही. रिमोट चालेनासा झाला म्हणून काढून ठेवलेला सेलसुद्धा पुरतो. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. अन्ननलिकेला भोक पडतं, शेजारची मोठी रक्तवाहिनी फुटू शकते, तेही कधीकधी सेल काढल्यानंतर काही दिवसांनी. मुलांच्या पोटविकारांच्या आणि एंडोस्कोपीच्या (म्हणजे दुर्बिणीने तपासणीच्या) युरोपीय तज्ज्ञ संस्थांनी 2017 साली मिळून दिलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की अन्ननलिकेतला सेल दोन तासांच्या आत काढा. आणि हा मेसेज दोन दिवस थांबायला सांगतो!

“नाणंच असेल” हेही घरबसल्या ठरवू नका. एक्स-रेत सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं, नाण्याला नाही. मूल हसतंखेळतं आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. सुरुवातीला काहीच लक्षणं नसतात असंही होतं.

केळ्याने वस्तू पुढे सरकतेच असं नाही. उलट वस्तू काढायला भरल्या पोटी भूल देताना अन्न श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. उलटी तर मुळीच काढायला लावू नका.

चुंबक एकच असेल तर बहुधा निभावतं. दोन असले की आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटतात, मधली भिंत चिमटते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि भोक पडतं. मग पोट उघडायची वेळ येते.

दुर्बिणीत मात्र कापाकापी नसते. भूल देऊन तोंडावाटे कॅमेऱ्याची नळी आत सरकवतात आणि चिमट्याने किंवा बारीक जाळीत पकडून वस्तू बाहेर काढतात.

मेसेजमध्ये खरं एवढंच आहे की पोटात उतरलेली छोटी, बोथट वस्तू बहुतेकदा आपोआप पडते. तेव्हा डॉक्टरही थांबतात, पण ती नक्की काय आहे आणि कुठवर गेली आहे हे तपासल्यावरच.