विडी वळणारीला कसलं आलंय डिप्रेशन?

"बाळंतपणानंतरचं डिप्रेशन हा बंगल्यातल्या बायकांचा आजार. कष्टकरी बाईला रडायला फुरसत कुठे? डिंकाचे लाडू द्या, शेक द्या. बाकी सगळा गोळ्या खपवायचा धंदा." हा मेसेज सोलापुरातल्या ग्रुपवर सारखा फिरतो, आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागते.

आधी बंगल्याचं बघू. भारतातल्या 38 अभ्यासांचा, म्हणजे वीस हजारांवर आयांचा, एकत्रित आढावा 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. शंभरात साधारण 22 जणींना हा त्रास होता. धोका वाढवणारी कारणं कोणती? पैशाची ओढाताण, घरातली मारहाण, नवऱ्याची साथ नसणं, मुलगी होणं. यातली पैशाची ओढाताण बंगल्यात जास्त असते का, ते मेसेज लिहिणाऱ्यानेच सांगावं.

फुरसत नसते, हे मात्र खरं. सोलापूरच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, जाऊन बघा. मांडीवर सूप, भिजवलेलं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळून दोरा गुंडाळायचा. बाळ रडलं की उठायचं, पाजायचं, पुन्हा बसायचं. मजुरी हजार विड्यांमागे, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. अशा घरात दुखणं नसतं असं नाही, त्याला नाव वेगळं पडतं. विड्या कमी भरल्या तर "आळशी झाली", बाळाकडे बघेना तर "बाहेरचं लागलं".

लाडू खुशाल द्या. आयतं जेवण आणि विश्रांती यात शहाणपण आहेच. पण माहेरीही विड्याच वळत असतील तर सव्वा महिना बसवून खाऊ घालणार कोण?

राहिला गोळ्यांचा धंदा. अमेरिकेत गरीब गरोदर बायकांसाठी 'रोझ' नावाचा कार्यक्रम आहे. बाळंतपणाआधी चार बैठका, नंतर एक. गोळी एकही नाही. मदत कशी मागायची, नाही कसं म्हणायचं, याची चक्क तालीम. आपल्याकडे ती "आत्या, आज पान कापायला जमणार नाही" या वाक्याची करावी लागेल, आणि ते सोपं नाही! 'रोझ'च्या 2016 च्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी बैठका घेतलेल्यांत 16 टक्के, न घेतलेल्यांत 31 टक्के आजारी निघाल्या.

पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेकींचं आपोआप ओसरतं. पुढेही बाळ झोपल्यावर झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर घरभेटीला येणाऱ्या आशाताईंना सांगा किंवा टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा. एखादीला स्वतःचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी सिव्हिलला न्या.