सेटअपचे दीड हजार वाचवू नका: मानेवाड्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

वीस हजारांत पहिली इलेक्ट्रिक गिटार कशी घ्यावी, या लेखाखाली तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. मागाहून वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मुलाची दहावी झाली, त्याला इलेक्ट्रिकच हवी आहे, घरचं बजेट बारा हजार. ऑनलाइन नऊ हजारांत गिटार, ॲम्प, केबल, पट्टा, पिक, बॅग असा सगळा कॉम्बो येतो, मग लेखात एकट्या गिटारवर तेरा हजार घालायला का सांगितले? नव्याकोऱ्या गिटारला दीड हजाराचा सेटअप (कारागिराकडून गिटार नीट जुळवून घेणं) म्हणजे पैसे पाण्यात, ‘नवी गाडी शोरूममधून काढून थेट गॅरेजात न्यायची का?’ आणि मुळात क्लासवाले सांगतात तसं आधी वर्षभर अकूस्टिक, मग इलेक्ट्रिक.

तुमचा एक आक्षेप शंभर टक्के मान्य. लेख वीस हजारांवर बेतला होता आणि बारा हजारवाल्या घराला त्यात जागाच नव्हती. तो हिशेब खाली मांडतो. सेटअपच्या मुद्द्यावर मात्र मी मागे हटणार नाही. उलट वीसपेक्षा बारा हजारांत त्याची गरज जास्त.

कारण असं. आज स्वस्त गिटारचंही लाकूड मशीनवर अचूक कापलं जातं, पिकअपही (तारांचं कंपन पकडून ॲम्पकडे पाठवणारे भाग) कामचलाऊ निघतात. किंमत खाली येते ती मुख्यतः शेवटच्या हातकामावर: नटच्या खाचा घासणं, फ्रेटची (बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं गुळगुळीत करणं, नेकचा (त्या पट्ट्या असलेल्या लांब दांड्याचा) बाक जुळवणं. हे राहून गेलेलं काम तुम्ही दीड हजार देऊन पूर्ण करून घेता. गाडीपेक्षा सायकलचं उदाहरण घ्या. नवी सायकल घेतली तरी पोराच्या पायाच्या मापाने सीट वर-खाली करून, ब्रेक आवळूनच आपण ती दुकानाबाहेर काढतो ना? तसंच हे.

सगळ्यात जास्त घात करतो तो नट. नेकच्या वरच्या टोकाला जी पांढरी किंवा काळी पट्टी असते, जिच्या खाचांतून तारा जातात, तो नट. गिटार आधी सुरात लावून घ्या, सैल तारांवर घेतलेलं माप खोटं निघतं. आता सगळ्यात जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर डोळा नेऊन बघा. तार आणि फ्रेट यांच्यामध्ये केसभर फट हवी. झेरॉक्सचा साधा ८० जीएसएमचा कागद सुमारे ०.१ मिमी जाडीचा असतो, तो जेमतेम सरकला तर ठीक. लग्नपत्रिकेसारखं जाड कार्ड आरामात आत गेलं, तर खाच उंच राहिली आहे. सहाही तारांना हेच करून बघा.

उंच नटमुळे होतं काय? पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर तार दाबताना ती जास्त खाली ओढावी लागते, ताण वाढतो आणि सूर चढतो. मोकळ्या तारा ट्यूनरवर हिरव्या दिसतात, तरी एफ कॉर्ड बेसूर लागतो. मूल आणखी जोर लावून दाबतं, सूर आणखी चढतो. मग ते एफ बरोबर लागेपर्यंत तारा उतरवतं, आता ई बिघडतो. शिकाऊ कानाला आणि शिकाऊ बोटांना हे कळायला मार्ग नसतो की दोष हाताचा आहे की वाद्याचा, आणि ते दोष स्वतःलाच लावून मोकळं होतं. दीड हजार मी अडून मागतो ते यासाठी. कसलेला वादक वाईट सेटअपच्या गिटारवरही निभावून नेईल, नवशिक्याला ते जमणार नाही.

घरी हेक्सॉ ब्लेडने खाच खोल करायला जाऊ नका. ब्लेड एकाच जाडीचं, तारा सहा वेगवेगळ्या जाडीच्या. खाच रुंद झाली तर तार तिच्यात खुळखुळते. प्रमाणाबाहेर खोल गेली, तर फक्त मोकळी तार पहिल्या फ्रेटवर घासून झिरझिरते आणि मग नवा नटच बसवावा लागतो. या कामाच्या कानशी वेगळ्या असतात, कारागिराकडे त्या आहेत का हे आधी विचारा.

सेटअपला देताना ‘जरा बघून द्या’ म्हणू नका, आकडे सांगा. नेकचा बाक: पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली, की सातव्या-आठव्या फ्रेटवर ०.२ ते ०.२५ मिमी फट राहावी, म्हणजे झेरॉक्सचे दोन कागद. (कागद सरकवायला दुसऱ्याचा हात लागतो.) ॲक्शन, म्हणजे तारांची उंची: बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत जाड तारेला २ मिमी आणि बारीक तारेला १.६ मिमीच्या आसपास. मोजायला स्टेशनरीच्या दुकानातली १५ सेंमीची स्टीलची पट्टी पुरते, फक्त तिचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो ना हे बघा. शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागणं: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर एक दिसला पाहिजे. दाबलेला चढा असेल तर ब्रिजवरचं (बॉडीवर तारा जिथे बसतात तो भाग) सॅडल, म्हणजे त्या तारेचा टेका, मागे, उतरा असेल तर पुढे. नटच्या खाचा धरून ही चार कामं, वर नाइनचा नवा सेट, म्हणजे ०.००९ ते ०.०४२ इंचाच्या तारा. दीड हजारात तारा धरल्या आहेत की नाही, हे आधीच ठरवा.

आता आपल्या नागपूरचं. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंत हे सांगत नाहीत, कारण त्यांना ते भोगावं लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत इथली हवा अगदी कोरडी, पारा ४५ च्या वर. लाकडातला ओलावा सुटतो, नेक सरळ होते, कधी उलटी मागे वाकते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा झिरझिरायला लागतात. फ्रेटबोर्ड आक्रसला की फ्रेटची टोकं बाहेर येतात, नेकच्या कडेवरून हात फिरवला की करवतीसारखी लागतात. पाऊस सुरू झाला की उलट: लाकूड ओलावा पितं, नेक पुढे वाकते, ॲक्शन उंच होते. जूनपर्यंत सोपा वाटणारा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा) जुलैत जड जातो तो यामुळे.

म्हणून नेकमधला ट्रस रॉड (बाक जुळवायची धातूची सळई) वर्षातून दोनदा बघावा लागतो, आणि हे काम घरी शिकण्यासारखं आहे. घड्याळाच्या दिशेने आवळला की नेक सरळ होते, सैल केला की तिला बाक येतो. म्हणजे उन्हाळ्यात किंचित सैल, पावसाळ्यात किंचित घट्ट. एका वेळी एक अष्टमांश फेरा, पुन्हा सुरात लावायचं, एक रात्र जाऊ द्यायची, मगच परत मोजायचं. किल्ली गिटारसोबत आलेलीच वापरा. जवळपासच्या मापाची ॲलन की घुसवली तर आतला षटकोन झिजतो, आणि मग दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीशी स्पर्धा करतो. रॉड फिरत नसेल तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या.

कूलर! गिटार कूलरच्या झोतात कधीही ठेवू नका. रात्री ओली हवा, दिवसा कूलर बंद की कोरडी, अशी नेक रोज हेलकावे खाते आणि तारा महिन्याभरात गंजतात. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर टांगायची नाही, नवतप्याच्या कडक उन्हात गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही. बॅगेत घालून आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा.

कॉम्बोबद्दल. नऊ हजारांत सहा-सात वस्तू येतात, म्हणजे गिटारच्या वाट्याला नेमकं किती आले याचा तुम्हीच अंदाज करा. सगळे कॉम्बो वाईट नसतात. ओळखायची एक सोपी रीत आहे: पॅकमधल्या गिटारचा मॉडेल नंबर शोधा आणि तीच गिटार सुटी विकली जाते का, कितीला, ते बघा. सुटी मिळते आणि तिला लोकांनी वाजवून दाखवलं आहे, तर पॅकचा विचार करा. मॉडेल नंबरच छापलेला नसेल तर सोडून द्या. लांबून परत पाठवण्यापेक्षा सीताबर्डीच्या बाजारात जाऊन हातात घेऊन, वरचं कागदाचं माप करून घेतलेली बरी.

तुमच्या बारा हजारांची वाटणी मी अशी करेन. गिटार साडेआठपर्यंत. तारांसह सेटअप दीड. तीन मीटरची केबल चारशे. हेडफोन ॲम्प दीड. उरलेल्या शंभरात ०.७३ मिमीच्या आसपासचे चार-पाच पिक. ट्यूनर फोनवर फुकट मिळतो, बसून सराव करताना पट्टा लागत नाही. खोलीतला ॲम्प सहा महिन्यांनी घ्या.

साडेआठमधल्या गिटारला ब्रिज स्थिर असेल तर उत्तम. स्ट्रॅटसारखा (फेंडरचं प्रसिद्ध मॉडेल) हलणारा असेल तर मागच्या स्प्रिंगचे दोन स्क्रू आवळून तो बॉडीला टेकवून घ्या आणि ब्रिज हलवायची दांडी काढून ठेवा. फ्लॉइड रोजसारखा तरंगता लॉकिंग ब्रिज मात्र पहिल्या गिटारवर नको, मुलाला तो कितीही भारी दिसला तरी. तो तारांचा ताण आणि स्प्रिंगचा ताण यांच्या तोलावर उभा असतो. एक तार तुटली की स्प्रिंग ब्रिजला मागे खेचतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. लाकूड कुठलं, याची या किमतीत चिंताच करू नका. पिकअपमध्ये ब्रिजपाशी एक हंबकर (दोन कॉइलचा, कमी गुणगुणणारा पिकअप) असलेली घेतली, तर स्वच्छ आवाज आणि डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटका केलेला आवाज) दोन्हीला चालते.

हेडफोन ॲम्प म्हणजे गिटारच्या जॅकमध्येच खुपसायची डबी. व्हॉक्सचा ॲमप्लग हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव, दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो. इअरफोन वायरचेच लावा, ब्लूटूथमध्ये आवाज हाताच्या मागे पडतो आणि लय शिकताच येत नाही. घरात लॅपटॉप असेल तर पुढेमागे ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडायची डबी) घेऊन न्यूरल ॲम्प मॉडेलर हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येईल.

‘होम थिएटरला जोडली तर?’ असंही तुम्ही विचारलंत. थेट नको. गिटारचा पिकअप नाजूक सिग्नल देतो, त्याला समोर साधारण १ मेगाओमचा इनपुट लागतो. होम थिएटरचा ऑक्स इनपुट त्याच्या तुलनेत फारच कमी, बहुधा काही दहा हजार ओम. त्यामुळे आवाज मेलेला, बारीक येतो. मध्ये डिस्टॉर्शन पेडल घातलं तर माशी घोंगावल्यासारखा येतो, कारण गिटार ॲम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा कर्कशपणा गाळून टाकतो, होम थिएटरचा गाळत नाही. आणि पुढे पेडल घेतलंत तर राउटरचा ॲडॅप्टर ९ व्होल्टचा दिसला म्हणून लावू नका. बहुतेक पेडलना पिनचं मधलं टोक ऋण लागतं, राउटरच्या ॲडॅप्टरमध्ये बहुधा ते धन असतं. पेडल जळू शकतं.

ॲम्प आल्यावर गुणगुण येईल. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली तर सगळं ठीक आहे. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजची अर्थिंगची वायर सुटली असेल. पंख्याचा किंवा कूलरचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही घरघर आणतो, तो बंद करून बघा. पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी प्लग काढा. तो दोष घराच्या अर्थिंगचा किंवा ॲम्पचा असू शकतो, वायरमनकडून सॉकेट तपासल्याशिवाय वाजवायचं नाही. इथे काटकसर नको.

अकूस्टिक आधी की नंतर, याला माझं उत्तर छोटं आहे. मुलाला जे संगीत वाजवायचं आहे ते वाद्य द्या. अकूस्टिकची नेहमीची पहिली तार ०.०१२ इंचाची, सुरात लावल्यावर तिच्यावर साडेदहा किलोच्या आसपास ताण असतो. इलेक्ट्रिकच्या ०.००९ वर सहा किलोच्या आत. सोळा वर्षांच्या बोटांना इलेक्ट्रिक सोपीच जाते. आणि न वाजवायच्या तारा तळहाताने मुक्या ठेवणं, जे डिस्टॉर्शनमध्ये निम्मं कौशल्य आहे, ते अकूस्टिकवर आपोआप येत नाही.

जुनी घेण्याबद्दलची तुमची भीती रास्त आहे. तरी चार गोष्टी बघितल्या तर जुनी गिटार साडेआठ हजारांत नव्यापेक्षा वरचढ मिळू शकते. ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो का, नेक बॉडीला जोडते तिथे भेग आहे का, पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी खड्डे पाडलेत का, प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार स्वच्छ वाजते का. नॉब फिरवताना होणारी खरखर घाबरण्यासारखी नाही, क्लीनरच्या फवाऱ्याने बहुधा जाते. रॉड फिरत नसेल तर अर्ध्या किमतीतही घेऊ नका.

या रविवारी दुकानात जाल तेव्हा स्टीलची पट्टी आणि झेरॉक्सचे दोन कागद खिशात ठेवा. आवडलेल्या गिटारचा मॉडेल नंबर, नटजवळची फट आणि बाराव्या फ्रेटवरची दोन मापं इथेच खाली लिहा, पैसे देण्याआधी. आकडे बघून घ्यायची की सोडायची ते सांगतो.