‘टू बिट्स’ म्हणजे दोन सेंट नव्हे, पावली

अमेरिकी बोलीतल्या ‘टू बिट्स’बद्दल एक मजकूर बराच फिरतो. त्याचं म्हणणं असं: टू बिट्स म्हणजे दोन सेंट, लोक डॉलरचे तुकडे करून वापरत, म्हणून हे नाव पडलं, संगणकातला बिट त्यावरूनच आला, आणि स्पॅनिश व्यापारी अंगठे सोडून बोटांवर मोजत, म्हणून डॉलरचे आठ भाग झाले. यातलं तुकड्यांचं विधान अर्धं खरं आहे. बाकीची तिन्ही टिकत नाहीत.

आधी रक्कम. बिट म्हणजे डॉलरचा आठवा भाग, साडेबारा सेंट. दोन बिट म्हणजे पंचवीस सेंट. आपल्या जुन्या हिशेबात बिट ही चवली आणि टू बिट्स ही पावली, कारण सोळा आण्यांच्या रुपयात दोन आण्यांची चवलीही आठवा हिस्साच असते. घोटाळा होतो तो एका लकबीमुळे. स्वतःचं मत मांडताना अमेरिकी माणूस ‘माझे दोन सेंट’ म्हणतो, आणि काही जण त्याच जागी ‘माझे दोन बिट’ म्हणतात. तिथे भाव सारखा असतो, रक्कम नव्हे.

आता तुकडे. रेआल हे स्पेनचं जुनं चांदीचं नाणं. मेक्सिको आणि पोतोसीच्या (आजच्या बोलिव्हियातल्या) टांकसाळींतला आठ रेआलचा स्पॅनिश डॉलर सुमारे २७ ग्रॅमचा, चांदीचा. त्याचा एक रेआल म्हणजेच एक बिट. १७९२च्या कायद्याने अमेरिकी डॉलरचं मूल्य त्यावरूनच ठरवलं. सुट्या नाण्यांची टंचाई असे तिथे तो खरोखर तोडत, आणि लबाड माणूस एका डॉलरचे चारऐवजी पाच ‘पाव’ काढी. पण एक आणि दोन रेआलची अखंड नाणीही टांकसाळीतून येत होती. टू बिट्स द्यायला छिन्नी लागतेच असं नव्हतं.

खरी अडचण वेगळीच होती, आणि फिरणाऱ्या मजकुरात तिचा पत्ताच नाही. अमेरिकी टांकसाळीने साडेबारा सेंटचं नाणं कधी पाडलंच नाही. पश्चिमेकडच्या दुकानात वस्तूची किंमत ‘एक बिट’ असली, की गिऱ्हाईक दहा सेंटची डाइम देई. हा ‘शॉर्ट बिट’. डाइम जवळ नसेल तर तो पंचवीस सेंटचं क्वार्टर पुढे करी आणि दुकानदार डाइम परत देई. म्हणजे त्याच वस्तूला पंधरा सेंट पडले. हा ‘लाँग बिट’. एका शब्दाच्या तीन किमती झाल्या: हिशेबात साडेबारा, व्यवहारात दहा किंवा पंधरा. दोन बिट मात्र क्वार्टरमध्ये नेमके बसत, म्हणून जोडीचा शब्द तगला आणि सुटा ‘बिट’ मागे पडला.

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली तेव्हा नेमकं हेच झालं. चवलीचे साडेबारा नये पैसे होईनात, ते बारा धरले. पावलीचे पंचवीस चोख बसले, म्हणून ‘चार आणे’ पुढे कित्येक वर्षं तोंडात राहिले. अमेरिकेत परदेशी नाण्यांची कायदेशीर मान्यता बरोबर शंभर वर्षं आधी, १८५७मध्ये संपली. त्या कायद्याने सरकारी तिजोरीत दोन रेआलला वीस आणि एक रेआलला दहाच सेंट देऊ केले.

संगणकाचा बिट यातला नाही. ‘बायनरी डिजिट’ आखडून तो झाला. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८च्या निबंधात या शब्दाचं श्रेय संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांना दिलं आहे.

बोटांच्या गोष्टीत क्रमच उलटा आहे. रेआल आधीचा; आठ रेआलचं मोठं नाणं नंतर आलं. डॉलर घेऊन त्याचे आठ भाग कुणी मोजायला बसलं नव्हतं. आठ भागांची सवय मात्र टिकली: न्यूयॉर्क शेअर बाजारात भाव १९९७पर्यंत डॉलरच्या आठव्या हिश्शांत लिहीत, मग सोळाव्यांत आणि २००१पासून सेंटांत.

राहिलं विशेषण. ‘टू-बिट’ एकवचनी, जोडरेघेने लिहिलं की पंचवीस सेंटचा संबंध सुटतो आणि अर्थ होतो हलका, फुटकळ. ‘टू-बिट’ वकिलाची फी पंचवीस सेंट नसते. मराठीत त्याला ‘चार आण्याचा वकील’ म्हटलं की झालं.