'शेवटी गाडीत सगळं एकत्रच करतात ना!'

आज जिन्यात पुन्हा तेच ऐकलं. "कचऱ्याच्या गाडीत शेवटी सगळं एकत्रच करतात, मग आपण कशाला वेगळं करत बसायचं?" डोकं भणाणलं माझं. बोलणारी माणसं चांगली शिकलेली आहेत, पोरांना पर्यावरणाच्या प्रकल्पाचे तक्ते रंगवून देणारी. आणि यांच्या पिशवीत काय, तर उरलंसुरलं अन्न, त्यातच फुटलेला ग्लास, त्यातच डायपर, त्यातच संपलेल्या बॅटऱ्या. वर गाठ मारली, दाराबाहेर ठेवली, की हात झटकून मोकळे.

ती गाठ पुढे कुणीतरी सोडतं हो! हातांनी, आणि कित्येकदा हातमोज्यांशिवाय. मला सगळ्यात जास्त संताप याचा येतो. काच जाड कागदात गुंडाळून वर 'काच' असं लिहायला अर्धं मिनिट लागतं. डायपर, पॅड वेगळ्या पुडीत बांधायला तेवढंच. तेवढाही वेळ न देणारा माणूस दुसऱ्याची बोटं कापतो, असं मी तोंडावर बोलले की मी भांडकुदळ. असू दे.

गाडीत एकत्र करतात हे खोटं नाही. दोन डब्यांतला कचरा एकाच गाडीत रिकामा होताना मी स्वतः पाहिलाय. तिथल्या तिथे भांडले, लेखी तक्रार केली, पुन्हा करीन. उचललेल्या वजनावर पैसे मिळणार असतील तर गाडी भरण्यातच कंत्राटदाराचा फायदा, वेगळं ठेवायला तो कशाला झटेल? चीड येते. पण त्यानं कामात चोरी केली म्हणून मला घाण करायची मुभा कशी मिळते? आणि आपणच एकत्र करून दिलं, तर त्याला जाब कुठल्या तोंडानं विचारायचा?

एकत्र केल्यानं होतं काय ते तरी समजून घ्या. खरकट्यानं भिजलेला कागद पुनर्वापरातून बाद होतो. काच-प्लास्टिकचे तुकडे मिसळलेलं खत कुणी मातीत घालत नाही. चार्जिंगच्या बॅटऱ्या गाडीत दाबल्या गेल्या की पेट घेऊ शकतात. मग हे सगळं जातं डेपोतल्या कचऱ्याच्या डोंगरावर. आत हवा पोचत नाही, ओला कचरा तसाच कुजतो आणि मिथेन तयार होतो. वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता धरतो. तळाशी झिरपणारं काळं पाणी जमिनीत उतरतं ते वेगळंच.

त्या डोंगराच्या पायथ्याशी माणसं राहतात. जुलै 2000 मध्ये फिलिपिन्समधल्या पायाटासचा कचऱ्याचा ढीग कोसळला, दोनशेहून जास्त माणसं गेली. मार्च 2017 मध्ये इथिओपियातल्या अदिस अबाबात कोशे डेपोचा ढीग घसरला, शंभराहून जास्त गेली. कचऱ्याखाली गाडली गेली माणसं! आणि "कचरा डेपो आमच्या बाजूला नको" म्हणून सह्या गोळा करण्यात पुढे कोण? हीच मंडळी.

पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे. मिसळलेली पिशवी खाली न्यायची नाही, ज्याची त्याच्या दाराशी परत ठेवायची. ज्याला राग येईल त्यानं गाठ सोडून आतलं स्वतःच्या हातानं वेगळं करावं.