“सोल्युशन बघू नका” हा सल्ला एफवायच्या पोरांना देणं थांबवा

बीएस्सी फिजिक्सच्या पोरापोरींमध्ये एक मेसेज कायम फिरत असतो. सार असं की सॉल्व्ह्ड प्रॉब्लेम्स वाचणं म्हणजे घोकंपट्टी, सोल्युशन बघितलं की त्या गणितातून शिकण्यासारखं काही उरत नाही, खरं फिजिक्स कोऱ्या कागदावर तासन्‌तास अडूनच येतं, आणि वर हे की पोहण्याचे व्हिडिओ बघून कुणी पोहायला शिकतं का. वाचायला भारी वाटतं, पण ज्याचं आत्ता कुठे रोटेशनल मोशन सुरू झालंय त्याला हे सांगणं चूक आहे, चांगली मुलं यामुळे “आपल्याला फिजिक्स जमत नाही” म्हणून मोकळी होतात आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तर एकेक मुद्दा घेऊ.

आधी घोकंपट्टी. १९८५ मध्ये स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी बीजगणितावर प्रयोग केले. काही मुलांना सोडवलेलं उदाहरण आणि लगेच तसंच एक गणित अशा जोड्या दिल्या, बाकीच्यांना सगळी गणितं स्वतः सोडवायला लावली. सोडवलेली उदाहरणं मिळालेल्यांचा शिकण्यात वेळ कमी गेला आणि नंतर तशाच गणितांत चुकाही कमी झाल्या. तशाच गणितांत बरं का, एकदम वेगळ्या गणितांत नाही, हे पण सांगायला हवं. कारण साधं आहे, नवखा माणूस दिलेल्या आकड्यांपासून उत्तरापर्यंत कुठला फॉर्म्युला नेईल हे शोधण्यातच सगळं डोकं खर्च करतो, मग गणिताची रचना बघायला डोक्यात जागाच उरत नाही.

आता “सोल्युशन बघितलं की संपलं”. याच मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय. १९८९ मध्ये मिशलिन ची आणि सहकाऱ्यांनी मेकॅनिक्सची सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार करत वाचायला लावली. अभ्यास छोटा होता, पण फरक स्पष्ट दिसला. नंतर ज्यांना गणितं जमली ते वाचताना प्रत्येक ओळीला स्वतःशीच कारण देत होते, हा फोर्स इथे का आला, आणि कुठे कळत नाहीये हेही त्यांच्या लक्षात येत होतं. ज्यांना जमली नाहीत त्यांना सगळं समजल्यासारखंच वाटत होतं. सोल्युशन दोघांसमोर तेच होतं.

हे कसं करायचं ते एका गणितावर बघा. ३० अंशांच्या उतारावरून भरीव गोळा न घसरता गडगडत येतोय, ॲक्सिलरेशन काढा. सोल्युशन चार-पाच ओळींचं, उताराच्या दिशेने फोर्सचं इक्वेशन, सेंटरभोवती टॉर्कचं (म्हणजे फोर्सच्या फिरवण्याच्या परिणामाचं) इक्वेशन, रोलिंगची अट, आणि उत्तर जी साइन थीटाच्या (जी म्हणजे गुरुत्वाचं ॲक्सिलरेशन, थीटा म्हणजे उताराचा कोन) ५/७ पट, म्हणजे ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. घाईत वाचणारा ५/७ पाठ करून पुढे जातो. नीट वाचणारा मध्येच अडतो, अरे फ्रिक्शन अननोन म्हणून तसंच का ठेवलंय, म्यू (फ्रिक्शनचा गुणांक) गुणिले नॉर्मल फोर्स (उताराने गोळ्याला काटकोनात दिलेला आधार) का नाही टाकलं? मग टाकून बघायचं. म्यू ०.३ धरला तर फोर्सच्या इक्वेशनवरून ॲक्सिलरेशन साधारण २.३५ येतं आणि टॉर्कवरून त्रिज्या गुणिले अँग्युलर ॲक्सिलरेशन येतं ६.४ च्या आसपास. गोळा घसरत नसेल तर हे दोन्ही सारखे यायला हवेत, इथे तर जवळजवळ तिपटीचा फरक. म्हणजे स्टॅटिक फ्रिक्शन (न घसरतानाचं घर्षण) लागेल तेवढंच लागतं, इथे एमजी साइन थीटाच्या २/७, आणि म्यू गुणिले नॉर्मल ही फक्त त्याची वरची मर्यादा. त्यावरूनच कळतं की न घसरता गडगडायला म्यू किमान टॅन थीटाच्या २/७ हवा, ३० अंशांना साधारण ०.१७. मग गोळ्याच्या जागी रिंग ठेवायची, ५/७ चं १/२ होतं, आणि वस्तुमान-त्रिज्या दोन्ही वेळा उडून का जातात ते बघायचं. एवढं सगळं एका सोडवलेल्या गणितातून निघालं, याला घोकंपट्टी कसं म्हणणार?

कोऱ्या कागदाचं थोडक्यात सांगतो. अडून बसायला मी नाही म्हणत नाहीये, पण अडल्यावर विचारायला कुणीतरी लागतं, आणि कितीतरी कॉलेजात ट्युटोरियल फक्त टाइमटेबलवरच असतं, प्रत्यक्षात होत नाही, तिथे सोडवलेलं गणित हाच त्या मुलाचा सर. आणि नुसती स्वतः सोडवली म्हणून येतंच असंही नाही. किम आणि पाक यांचा २००२ चा कोरियातला अभ्यास आहे, हजारावर गणितं सोडवून कॉलेजात आलेल्या मुलांच्याही मेकॅनिक्सच्या मूळ कल्पनांत गोंधळ होताच.

राहिलं पोहणं. आपल्याकडे पोराला विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात. हात मारायला लागलं की डबा काढतात, आणि इथे त्या मेसेजमधलं खरं ते मान्य करायलाच हवं, कायम डबा बांधून ठेवला तर पोहणं येणार नाही. संशोधनातही हेच दिसतं, विषय जमायला लागला की सोडवलेली उदाहरणं उलट अडथळा ठरतात. म्हणून आधी पूर्ण सोल्युशन वाचा, पुढच्या गणितात शेवटच्या दोन ओळी झाकून त्या स्वतः लिहा, मग अर्धं झाका, मग फक्त आकृती ठेवा, मग तीही नको. दुसऱ्या दिवशी पुस्तक बंद करून तेच गणित परत. आणि पान उलटायच्या आधी एक वाक्य लिहा, हे गणित कशावर चाललं, एनर्जी कॉन्झर्व्हेशनवर की टॉर्कवर. “उतारावरचं गणित” असं लिहू नका, नवखी मुलं गणितं अशी दिसण्यावरूनच गटात टाकतात.

फक्त डबा एकदाच काढून भागत नाही. मेकॅनिक्समध्ये तरबेज झालेली मुलगी टीवायला हायड्रोजन ॲटमच्या रेडियल इक्वेशनसमोर पुन्हा नवखीच असते, तिने तिथली पहिली चार-पाच गणितं बिनधास्त सोडवलेलीच वाचावीत, त्यात कसलाही कमीपणा नाही.