रेंज गेली की ब्रेक कोण लावणार? : एका सांगलीकरांना उत्तर

गाडी आणि एज सर्व्हर (रस्त्याजवळच बसवलेला संगणक) यांनी एआयचं गणित वाटून घेण्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली एका सांगलीकरांची प्रतिक्रिया आली आहे. ती अशी : "पुण्यात एसीत बसून हे सुचतं. खंबाटकीच्या बोगद्यात रेंज गेली की ब्रेक कोण लावणार, तुमचा सर्व्हर? आधी खड्डे बुजवा. शिवाय खर्च किती, माहिती कोणाकडे जाणार, काही नाही. आकृतीतली अक्षरंही दिसत नाहीत."

आकृतीचं मान्य. मोबाईलवर अक्षरं बारीक दिसतात, मोठी करून टाकतो.

पण "एसीत बसून"? अहो, मी साताऱ्याचा. गाडी शिकलो ती यवतेश्वरच्या चढावर, आणि पोट भरतो ते गाड्यांच्या कंट्रोलरवर. मुद्दा मांडायला पत्ता काढावा लागत नाही.

आता ब्रेक. ब्रेक गाडीच लावणार. लेखात हे दोनदा आहे. समोर दहा-वीस मीटरवर काही आलं तर कॅमेरा, रडार आणि गाडीतला प्रोसेसर एवढ्यांतच निर्णय होतो, टॉवरला कोणी विचारत नाही. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. कॅमेऱ्याची एक पूर्ण फ्रेम दाबून 250 केबी केली आणि अपलोडला 5 एमबीपीएस मिळाले, तर ती नुसती पोचायलाच 400 मिलिसेकंद. तेवढ्यात गाडी 9 मीटर पुढे. हे सर्व्हरवर सोपवा असं कोणताही शहाणा म्हणणार नाही, मीही म्हटलेलं नाही.

सर्व्हर लागतो तो गाडीला दिसतच नाही त्यासाठी. साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यानंतर उतारावर एस वळण आहे. त्यापुढे ट्रक बंद पडलाय आणि तुम्हाला तो 40 मीटरवर दिसतो, असं धरा. ताशी 60 ला चालकाचे दीड सेकंद म्हणजे 25 मीटर, नंतर कोरड्या सपाट रस्त्यावर ब्रेकचे साधारण 24. झाले 49. उतारावर त्याहून जास्त. धडक ठरलेलीच. रस्त्याकडेच्या कॅमेऱ्याने तो ट्रक टिपला, शेजारच्या सर्व्हरने ओळखला आणि 300 मीटर आधी इशारा दिला, तर हाताशी 18 सेकंद असतात. हा निरोप काहीशे बाइटचा. तो अर्धा सेकंद उशिरा आला तरी जातात 8 मीटर, तीनशेपैकी.

रेंज गेली समजा. बोगद्यात शिरण्याआधी मिळालेला इशारा गाडीत साठवलेला असतो, त्यावर वेळ आणि मुदत असते. मुदत संपली की तो फेकायचा. जुनं उत्तर हे उत्तर नसण्यापेक्षा घातक. बोगद्याच्या तोंडाशी रस्त्याकडेचं युनिट बसवलं तर ते गाडीशी थेट रेडिओवर बोलतं, त्याला मोबाईल टॉवर लागत नाही. यातलं काहीच चाललं नाही तर गाडी आज जशी चालते तशी चालेल. फक्त वेगमर्यादा खाली आणायची, आणि हे सॉफ्टवेअरमध्ये आधीच लिहून ठेवायचं.

उसाच्या हंगामात बिनदिव्याचा, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे आला की परदेशी फोटोंवर शिकलेलं गाडीतलं एआय मॉडेल गडबडतं. अशा वेळी सर्व्हरला पूर्ण फ्रेम न पाठवता शंकेचा तेवढा तुकडा पाठवतात. 30 केबीला त्याच 5 एमबीपीएसच्या जोडणीवर 48 मिलिसेकंद. उत्तर येईपर्यंत गाडी थांबून राहत नाही. आपल्या लेनमध्ये न ओळखलेलं काही दिसलं की वेग कमी करायचाच, नाव नंतर कळलं तरी चालतं.

खोट काढायचीच होती तर खरी जागा सांगतो. न्यूरल नेटवर्क, म्हणजे चित्र ओळखणारं थराथरांचं गणित, मधोमध तोडून अर्धं गाडीत, अर्धं सर्व्हरवर चालवायचं, हे ऐकायला गोड आहे. चित्रं ओळखणारं रेसनेट-50 हे प्रसिद्ध नेटवर्क घ्या. आत जाणारं चित्र 224 गुणिले 224 गुणिले 3, म्हणजे दीड लाख आकडे. पहिल्या टप्प्यानंतर बाहेर येतं 56 गुणिले 56 गुणिले 256, म्हणजे आठ लाख. चुकीच्या जागी तोडलं तर पाठवायचा माल कमी होण्याऐवजी पाचपट होतो. म्हणून मध्ये मुद्दाम अरुंद, म्हणजे कमी आकडे बाहेर सोडणारा थर घालून, प्रत्येक आकडा 8 बिटांत आखूड करून मग पाठवावे लागतात, आणि त्यात अचूकता थोडी घटतेच. शिवाय सरासरी विलंब सांगून भागत नाही, शंभरातला सर्वांत वाईट एक किती उशिरा आला हे बघावं लागतं. या मुद्द्यावर कोणी भांडलं असतं तर मजा आली असती. तुम्ही रेंजवर अडकलात.

खर्च आणि माहितीची मालकी हे वेगळे लेख आहेत, एका ओळीत विचारलेत म्हणून एका ओळीत उत्तर देणार नाही. खड्ड्यांचं म्हणाल तर ते बुजवायला माझी हरकत कधीच नव्हती. आणि सर्व्हर पुण्या-मुंबईत असेल तर लांब पडेल, ही शंका पुढे येणारच, म्हणून आधीच सांगतो : फायबरमध्ये किलोमीटरला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे अडीचशे किलोमीटरलाही एका बाजूने सव्वा मिलिसेकंद. वेळ खातात त्या टॉवरवरच्या आणि सर्व्हरवरच्या रांगा.