पंप वेगळा जातो, पात्राव

इंजिन बदलायचं म्हटलं की लोकांना इंजिनाचीच काळजी. खरं तर ते बिचारं साखळीला लटकून येतं, चार माणसं ‘हळू रे, हळू’ ओरडतात आणि ते मुकाट जागेवर बसतं. माणसाचा अंत पाहतो तो त्याच्या कडेचा, इंजिनात डिझेल सोडणारा पंप.

आमची म्हातारी जीप गोव्यात फोंड्याच्या पुढे सावईवेऱ्याच्या कुळागरात नारळ-सुपारी ओढते. तिच्यात मारुती झेन डिझेलचं, म्हणजे मूळ फ्रेंच प्यूजो कंपनीचं, १,५२७ सीसीचं इंजिन घालायचं ठरलं. गाडी रस्त्यावर काढायची नाही, ही बायकोची अट. परवानगीशिवाय गाडीत फेरफार नको म्हणणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ही तिच्याच बाजूचं निघालं. गिअरबॉक्सला जोडायची प्लेट बेतोड्याच्या लेथवाल्याने केली, इंजिन बसलं, आणि मग लक्षात आलं की ‘कम्प्लीट’ म्हणून विकलेल्या मालाला पंपच नाही. भंगारवाल्याला फोन केला तर म्हणाला, “पंप वेगळा जातो, पात्राव!” पात्राव म्हणजे मालक. जणू इसवण मासा घेतल्यावर मी वर सुंगटं, म्हणजे कोळंबी, फुकट मागत होतो.

मडगावात दुसऱ्या जातीच्या इंजिनाचा पंप मिळाला. पाटीवरची फिरायची दिशा जुळत होती, दुसरं काहीच जुळत नव्हतं.

आता डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून तापवायची आणि नेमक्या क्षणी डिझेलची चिळकांडी सोडायची, एवढ्यावर संसार. तो क्षण साधायचा पंपाने, आणि पंपाला फिरवणार दातेरी पट्टा. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत पंपाची एक, म्हणून पंपाच्या पुलीला क्रँकच्या दुप्पट दात. चिळकांडी लवकर आली तर इंजिन आतून हातोडे मारतं, उशिरा आली तर पांढरा धूर ओकतं. त्याच पट्ट्यावर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्टही असतो. पट्ट्याने दात सोडले तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडते, आणि खिसा आपला फाटतो.

पंप धरायला नवं ब्रॅकेट झालं. मेकॅनिकने दोन्ही पुल्यांवर स्टीलची पट्टी आडवी धरली, मागे टॉर्च लावला. खालच्या कडेने उजेडाची बारीक रेघ आली. “केसभर आत आहे,” तो म्हणाला. केसभरानेही पट्टा एका कडेला सरकतो आणि कड कुरतडून घेतो. ब्रॅकेटखाली सारायला पातळ पत्रा हवा होता. तेवढ्यात शेजारचे भाई उगवले. भाई तारवटी, सगळी उमर जहाजावर काढलेली. खलाशी होते की खानसामा, हे गावाला अजून नक्की ठाऊक नाही. पण इंजिनरूमबद्दल बोलताना त्यांचा आवाज वेगळाच होतो. बियरच्या डब्याचा पत्रा एकदम योग्य जाडीचा, असं त्यांचं मत. डबा रिकामा करायची जबाबदारीही त्यांनी स्वतःकडे घेतली. त्या दिवशी भाई सोडून काहीच पुढे सरकलं नाही. शेवटी मेकॅनिकने पोलादी पत्रा कापून बसवला.

पट्ट्याचा ताण हा तर मतभेदाचा पिढीजात विषय. लांब बाजूच्या मधोमध अंगठा आणि बोट लावून पट्टा पिळायचा, पाव वळसा वळला की पुरे. अंगठा कुणाचा, ते कुठेच लिहिलेलं नाही. मेकॅनिकच्या अंगठ्याने ताण बरोबर, भाईंच्या अंगठ्याने सैल, माझ्या अंगठ्याने पट्टा हललाच नाही. पण तो मत म्हणून धरला गेला नाही. जास्त आवळला तर पंपाचं बेअरिंग कण्हायला लागतं, म्हणून सगळे आपापला अंगठा सांभाळून होते.

मग दोन्ही पुल्या खुणेवर आणून बोल्टांनी अडकवल्या. खुणा दिसाव्यात म्हणून मेकॅनिकला पांढरा रंग हवा होता. दुपारचा एक वाजून गेलेला. गोव्यात त्या वेळी हार्डवेअरचं दुकान उघडं शोधणं म्हणजे श्रावणात सुकं खारं, म्हणजे खारवलेली मासळी, शोधणं. बायकोने आतून मरून नेलपॉलिश आणून दिलं. पुलीवर एक ठिपका, पट्ट्याच्या दातावर एक. सुकायला वेळ लागतो म्हणून ती दोन्हींवर फुंकरही घालून गेली.

चावी लावण्याआधी क्रँक हाताने फिरवायचा, दोन पूर्ण फेरे. मध्ये कुठे अडला तर जोर करायचा नाही. अडला नाही, पुल्यांच्या खुणा परत जागेवर आल्या. मग नळ्यांतली हवा काढली. हातपंप दाबताना आधी फेस येतो, मग सलग डिझेल, आणि दरम्यान शर्ट वाया जातो.

इंजिन लागलं. आधी पांढरा धूर, सुपारीवरच्या माकडांची पळापळ, मग आवाज सावरला. पंप इंचभर बाहेर आल्यामुळे पट्ट्याचं कव्हर मात्र बसेना. तेलाचा डबा कापून नवं केलं. भाईंनी त्यावर जहाजी निळा रंग फासला.

बायकोला तिची बाटली परत मिळालेली नाही. परवा बोरी पुलाजवळ बॉनेट उघडून उभा असलेला एक टेम्पो दिसला. पट्ट्यावर मरून ठिपका होता.